पात्याच्या मुळाशी कुंकू

"कुंकू आहे मॅडम, कुंकू! साक्षात देवीचं कुंकू!" मी इतक्या जोरात ओरडत होतो, की भोंगा झाला असं समजून अंबरनाथच्या अर्ध्या एमआयडीसीनं जेवणाचे डबे उघडले असतील. "ती चीर निघाली तर ही मिशी इथंच, याच ग्राइंडरवर उतरवतो!"

तपासणीला आलेल्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. समोर ब्रॉन्झचं पातं आडवं पडलं होतं, माझ्यापेक्षा लांब आणि माझ्यापेक्षा गप्प. त्यांनी त्याला आधी लाल रंग लावला होता, मग तो पुसून वर पांढरी फवारणी केली होती. धातूला चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. पात्याच्या मुळाशी वीतभर रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक, आणि लालभडक.

पातं युद्धनौकेच्या पंख्याचं. पाण्याखाली फिरून जहाज पुढं ढकलतो, तो पंखा. पूर्वी असला माल बाहेरच्या देशातून यायचा. आता आपल्या जहाजाचं पातं आपणच ओतायचं, असं ठरून पहिलं काम आमच्या शेठनं पकडलं होतं. या पंख्याची पाती मुळाशी वळतात. इंजिन आहे तसंच फिरत राहतं, पाती तेवढी वळवली की जहाज मागं येतं. त्यामुळे सगळा ताण मुळावर. मुळाशी चीर म्हणजे पातं भंगार.

हे मला कळत होतं. तरी ओरडत होतो.

मी ग्राइंडरवर घासकाम करणारा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मिक्सरची भांडी घासून शिकलो, आणि इथं आल्यावर थेट समुद्रावर राज्य करायला लागलो. सोनिवलीत आमच्या बिल्डिंगखाली सांगायचो, माझं एक पातं उल्हास नदीत सोडलं ना, तर स्टेशनासकट अख्खं बदलापूर ओढून कर्जतला नेऊन ठेवेल. लोक मानायचे. त्यांनी ते जहाज बघितलं नव्हतं. मीही नव्हतं.

पातं ओतलं होतं मामांनी. मामा म्हणजे आमचे जुने साचेवाले, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे, सगळ्या कारखान्याचे मामा. वय उलटून गेलेलं, कॉन्ट्रॅक्टवर ठेवलेले. शेठनं स्वच्छ सांगितलं होतं, हे पहिलं पातं पास झालं तर मामा राहतील. नाही झालं, तर ओतकाम बाहेर देऊन शेड बंद. मामांची कंबर आता भातलावणीला वाकत नव्हती. वाळूचा साचा दाबण्यापलीकडे त्यांना कुठलंच काम उरलं नव्हतं.

आणि आता खंडेनवमीचं सांगतो.

ओतलेला साचा दोन दिवस बंद ठेवायचा, आतल्या आत सावकाश निवू द्यायचा, नाहीतर धातू तडकतो, असा नियम. नवमी आली दुसऱ्याच दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे मशिनींपासून पान्यांपर्यंत सगळ्याची पूजा होते, हार लागतात. मी मात्र आठवडाभर आधीच बिल्डिंगमधल्या चार घरांना आवतण देऊन बसलो होतो, या, नौदलाचं पातं दाखवतो, देवीशेजारी मांडलेलं असेल.

"मामा, साचा खोला."

"आजून तापला हाय. निवू दे."

"काय मामा! पाहुणे येणार, फोटो निघणार. युद्धनौकेचं पातं आणि सणाच्या दिवशी वाळूत पुरलेलं? देवी काय म्हणेल?"

"देवी काय नाय बोलत. तूच बोलतोस."

तासभर डोकं खाल्लं त्यांचं. शेवटी त्यांनी साचा खोलला. वाळू झटकली आणि खिशातली छोटी हातोडी काढून पात्यावर टिचकी मारली. ही त्यांची रीत. प्रत्येक माल ते असा वाजवून ऐकायचे आणि खणखणीत वाजला की म्हणायचे, "बोलला." त्या दिवशी एकदा वाजवलं. मुळाशी परत वाजवलं. काहीच म्हणाले नाहीत. पुढं काय बोलतात ते ऐकायला मी थांबलो नाही. देवीच्या नावानं आरोळी ठोकली, मूठभर कुंकू कालवलं आणि पात्याच्या मुळाशी फासलं. पाहुण्यांनी फोटो काढले.

मॅडमनी ते मूळ धुऊन परत रंग लावला. परत रेघ.

"तुम्हीच घासा," त्या मला म्हणाल्या. "कुंकू असेल तर जाईल ना?"

मी घासलं. आयुष्यात एवढ्या हळुवार हातानं कधी घासलं नसेल. कुंकवाचा कणही उरला नाही. तिसऱ्यांदा पांढरं फवारलं, आणि रेघ सावकाश वर आली, आधीपेक्षा लांब.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. "साचा दोन दिवसांनी खोलला, असं लिहिलंय. खरंच?"

"एक दिस आधी खोलला," मागं उभे असलेले मामा म्हणाले. "मीच."

"कुणी सांगितलं?"

"कुनी नाय."

एमआयडीसीला ऐकू जाणारा माझा आवाज तेव्हा कुठं गेला, कोण जाणे. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. चांगली बांधलेली होती, ती सोडून पुन्हा बांधली.

पातं भंगारात गेलं. मामांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महिन्याभरात वाळू ट्रकमध्ये भरली, भट्टी थंड झाली, शेडला कुलूप लागलं. पात्यांचं काम दुसरीकडे गेलं. मी राहिलो, घासायला पंपाची झाकणं पुष्कळ होती. मिशीही राहिली.

शेड रिकामी होताना मामा आपली हातोडी न्यायला आले. गेटपर्यंत मी त्यांच्या मागं गेलो. दहा प्रकारे विषय काढायचा प्रयत्न केला, बारवीच्या पाण्याचं विचारलं, शेवटी एकदाचं तोंडातून निघालं.

"मामा, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी हातोडी खिशात घातली.

"तू दिसभर बोलतोस. मना वाटला, तवा पन बोलशील."