वडिलांच्या समाधीवरचे काटे

परवा मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या आमच्या शेतात थोरल्या भावाला, आण्णाला, समाधी दिली. वडिलांच्या शेजारीच... ओढ्याकाठच्या झुडपांच्या जाळीला लागून.

परत निघालो तसा त्याचा मुलगा, माझा भाचा, म्हणाला, "आत्या, किती रान माजलंय इथं. दिवसकार्य झालं की जेसीबी लावतो. वरची मोठी झाडं राहू देऊ, खालचं सगळं साफ. बागेवानी दिसंल."

मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं, म्हणून आज लिहिते.

वडील गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आण्णा उर्दू शाळेत जायचा, मी त्याच्याहून बरीच लहान. आमच्यात पुरतात, आणि त्या काळी या भागात तरस फार... ताजी माती दिसली की उकरायचं. म्हणून समाधीवर दगड आणि बोराटीचे काटे रचायची रीत.

काका मायला म्हणाले, "वैनी, तरस दिवसा ह्याच जाळीत दडतंय. जाळीच ठिवायची न्हाय."

बोराटी, तरवड, सगळं मुळापर्यंत तोडलं. काट्यांचा मोठा ढीग समाधीवर रचला. ओढ्याकाठी उंच लिंब तेवढे राहिले.

तरस गेलं खरं. पण त्याबरोबर ससे गेले, मुंगूस गेलं. लिंबावर वानरं होती... त्यांचं सगळं वरच्या वर चालायचं. खाली मात्र एक पाऊल उमटेना.

मग एका सकाळी आम्ही समाधीवर पाणी घालायला गेलो, तर काट्यांच्या कडेची माती उकरलेली! मायच्या हातातला तांब्या तिथंच पडला.

आण्णानं वाकून पाहिलं. पावलं कोल्ह्याची होती. आणि काट्यांच्या आत, अगदी खोल, एक ससा कान पाडून बसलेला...

साऱ्या ओढ्याकाठी दडायला तेवढीच दाट जागा उरली होती. ससा तिथं आला, आणि त्याच्या मागं कोल्हा.

काका धावत आले. माय त्यांना कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "भावजी, तरस हाकललंत आन कोल्ह्याला धन्याच्या उशाला आणून बसवलंत!"

काका चिडले. "मग आता काय, ससा पाळता?"

"व्हय, पाळते. पर तिकडं, त्याच्या घरात. जाळी परत वाढू द्या."

उकरलेल्या जागी आणखी दगड बसवले. त्या दिवसापासून ओढ्याकाठी कुऱ्हाड बंद, शेरडं बंद. आण्णा शाळेतून आला की बांधावर राखण करत बसायचा, लोक हसायचे... "काट्याची बाग लावतोय" म्हणायचे.

काही पावसाळ्यांनी जाळी पुन्हा दाट झाली आणि ससे तिकडं गेले. वडिलांच्या समाधीला नंतर कुणी नख लावलं नाही. आण्णानं ती जाळी मरेपर्यंत सांभाळली.

परवा त्याच्यावर रचलेले काटे मी बांधावरच्या बाभळीचे आणायला लावले. जाळीतली एक फांदी तोडू दिली नाही.

भाच्या, हे तुझ्यासाठी. जेसीबी आला तर मी जाळीपुढं खुर्ची टाकून बसणार. या वयात दुसरं काही जमत नाही, बसणं जमतं.

काल संध्याकाळी जाऊन आले. आण्णाची माती जशीच्या तशी होती... आणि जाळीत आत काहीतरी खसफसलं.