वरकुट्याचा बाईलवेडा दिन

म्हस्कूच्या ट्रॉलीवर ते नाव मी चिकटवलं नाही, पण कापलं मीच. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं लिहिताना हात अडखळेल.

इंदापुरात माझं रेडियमचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टेम्पो यांच्यावर जी अक्षरं चमकतात ती आम्ही कापतो. पंधरा वर्षांत हजारभर ट्रॅक्टर सजवले असतील. पुढं बिरोबा नाहीतर खंडोबा, बॉनेटवर आईवडिलांचा आशीर्वाद, मडगार्डवर पोरांची नावं. पोरगं अजून पाळण्यात असतं आणि त्याचं नाव ट्रॅक्टरवर धुरळा खात फिरत असतं. बायकोचं नाव मात्र एकानंही लिहून घेतलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते कधी खटकलं नव्हतं.

वरकुट्याचा म्हस्कू धनगराच्या घरचा. बापानं मेंढरं राखली, यानं तीन एकर ऊस केला आणि ट्रॅक्टर घेऊन कारखान्याची ऊस वाहतूक धरली. अंगानं आडदांड, आवाज असा की माळाच्या या टोकाला खाकरला तर त्या टोकाची कुत्री उठावीत. असा हा गडी रोज सकाळी ओट्यावर बसून बायकोची वेणी घालायचा.

त्याचं झालं असं. तीन वर्षांपूर्वी सारजावहिनी उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडल्या आणि दोन्ही मनगटं मोडली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. पहिल्या दिवशी म्हस्कूनं त्यांच्या केसांना दावं वळल्यासारखा पीळ दिला होता म्हणे. रडणाऱ्या वहिनी हसायला लागल्या. महिनाभरात गड्याचा हात बसला. मग प्लास्टर निघालं, हात बरे झाले, तरी वेणी काही थांबली नाही. वहिनी रोज खालच्या पायरीवर पाठ करून बसायच्या, हा वर ओट्यावर. ओटा रस्त्याला लागून. डेअरीला दूध घालायला जाणारा अख्खा गाव बघायचा.

गावाचं काय सांगावं? बायकोला मारणारा गावाला चालतो. 'जरा तापट हाय' म्हणतात आणि पोराच्या बारशाचं आमंत्रण देतात. वेणी घालणारा चालत नाही. म्हस्कूला 'बाईलवेडा' हे नाव पडायला आठवडासुद्धा लागला नाही. तो हसण्यावारी न्यायचा.

गेल्या भाद्रपदात शंभूराज दुकानात आला. तीन ट्रॅक्टरांचा मालक, वरकुट्याचाच, जीभ तिखट. म्हणाला, "दीपक, 'बाईलवेडा' एवढंच काप. पिवळं, लाल कडा." कुणासाठी ते मला लगेच कळलं. मी हसलो आणि कापून दिलं. तोंडात मारून घ्यावी अशी माझी अक्कल.

त्यानं ते म्हस्कूच्या ट्रॉलीला मागं चिकटवलं. म्हस्कू दोन दिवस शेणखत वाहत गावभर फिरला, त्याला पत्ताच नाही. मागं काय लिहिलंय ते पुढं बसणाऱ्याला कुठं दिसतं? दिसलं ते सारजावहिनींना, दळण घेऊन येताना. बरोबर चार बायका होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी रिकामी. वहिनी आतूनच वेणी घालून बाहेर आल्या. "आता रोजचं ते नगं," एवढंच म्हणाल्या. म्हस्कूनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुमाला हसत्यात ते मला सोसवत न्हाय."

हे मला म्हस्कूनंच सांगितलं. चार दिवसांनी तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. ट्रॉलीवरून सोललेलं रेडियम त्यानं काउंटरवर ठेवलं.

"अक्षर तुझं हाय. वळखतो मी."

"माझंच आहे," मी म्हणालो. "चुकलं, म्हस्कू."

"चुकलंच. लई बारीक कापलंस. मोठं काप. ट्रॉलीच्या ह्या कडंपासनं त्या कडंपतुर."

मी ऑर्डरची वही ओढली.

"आन् खाली लिव, खंडेनवमीला वरकुट्यात बाईलवेडा दिन. शाळंत हात धुवायचा दिन करत्यात, चिमण्यांचा दिन करत्यात. मग आमी कुणाचं घोडं मारलंय?"

"वहिनींना विचारलंस का?"

तो स्टुलावर बसला. "ती आता कामापुरतं बोलती. तिला वाटतं माझी लाज गेली. गावानं मला काय बी म्हणावं, दीपक. पर सकाळची ती पंधरा मिंटं माझी हुती. ती मला म्हागारी पायजेत."

मी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. एकेक अक्षर हातभर उंच कापलं.

खंडेनवमीला वरकुट्यात मारुतीच्या देवळापुढं ट्रॅक्टर धुऊन, हार घालून ओळीनं लावतात. मालक सीटवर बसतो, घरची बाई ट्रॅक्टरला आणि त्याला ओवाळते. म्हस्कूचा ट्रॅक्टर मधोमध उभा होता, ट्रॉलीसकट. लोक मागं जाऊन वाचत होते आणि पोट धरून हसत होते. मीही गेलो होतो. तोंड लपवून बसायची सोय मला उरली नव्हती.

म्हस्कू सीटवर उभा राहिला.

"हसा. हाय मी बाईलवेडा! माझ्या बरूबर तिनं ऊस तोडला, भरला, हात मोडून घेतलं. तिच्यापायी येडं न्हाय व्हायचं तर काय ट्रॅक्टरपायी व्हायचं?"

कुणीतरी शिट्टी मारली. एकेक बाई ताट घेऊन आली, ओवाळून झालं. सगळ्या ट्रॅक्टरांना कुंकू लागलं. म्हस्कूचा तेवढा कोरा राहिला.

"म्हस्कूराव," शंभूराज मोबाईल रोखून ओरडला, "दिन तुमचा हाय, पर बाई कुठं हाय?"

हशा पिकला. म्हस्कू खाली बसला. एवढा मोठा गडी, पण चेहरा पार उतरला. मला वाटलं, माझ्या अक्षरांनी याचं घर दुसऱ्यांदा मोडलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सारजावहिनी येत होत्या. हातात ताट, केस नुकतेच धुतलेले, ओले आणि मोकळे, पदराखालून कमरेपर्यंत. सवाशिणीनं मोकळ्या केसांनी देवापुढं यायचं नसतं. हसणं एकदम थांबलं. त्या आधी ट्रॉलीच्या मागं गेल्या, अक्षरं वाचली, मग पुढं येऊन ट्रॅक्टरला आणि नवऱ्याला ओवाळलं. ताट बॉनेटवर ठेवलं आणि शंभूराजकडं वळल्या.

"भावजी, मोबाईल नीट धरा. हालवू नका. माझ्या म्हायेरी पिंपळीला बी बघायचं हाय."

मग ट्रॅक्टरच्या पायरीवर त्या पाठ करून बसल्या. डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि खांद्यावरून मागं फणी धरली. म्हस्कू सीटवरून सरकून मागं बसला. त्यानं फणी घेतली, केसांत घातली, आणि त्याचे हात थरथरायला लागले.

वहिनींनी मान वळवली नाही. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कापताय काय असं? रोज काय चोरी करत हुता व्हय?"