न आलेल्या पाहुण्यांचे साहेब

दारात आलेल्या पाहुण्यापेक्षा न आलेल्या पाहुण्यावर जास्त जीव असणारा माणूस हॉटेलच्या धंद्यात आजवर एकच झाला असेल, आणि माझं भाग्य असं, की पुण्यात आल्यावर पहिली नोकरी मला त्याच्याच हाताखाली मिळाली. विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावर आमचं हॉटेल. विमानतळ जवळ, त्यामुळे एकटे-दुकटे प्रवासी बरेच, आणि वर हॉल असल्यामुळे लग्नाची वऱ्हाडंही. मी बुकिंगचे फोन घ्यायची आणि साहेब खोल्यांचे दर ठरवायचे. सदाशिव पेठेतून स्कूटरवर यायचे, हेल्मेट टेबलावर ठेवायचे आणि नमस्काराच्या ठिकाणी विचारायचे, ‘‘कोण येणार नाही?’’

पहिल्या दिवशी मला वाटलं, कर्मचाऱ्यांच्या रजांबद्दल विचारतायत. मी म्हटलं, ‘‘सगळे आलेत, सर.’’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत वर्ध्याची गाडी पकडावी. मग समोर बसवून समजावलं. ‘‘हे बघा वर्धेकर,’’ (माझं आडनाव त्यांनी कधी वापरलंच नाही) ‘‘एखादा ग्रुप तीस खोल्या मागतो. एकगठ्ठा घेतो म्हणून आपण स्वस्तात देतो आणि पेढे वाटतो. पण त्याच तारखेला दोन दिवस आधी एक प्रवासी फोन करणार असतो. पूर्ण दर देणारा, कुरकुर न करणारा, देवमाणूस. त्याला आपण सांगणार, खोली नाही. त्याचं नुकसान कोणाच्या दरात धरायचं? या ग्रुपच्याच ना? म्हणून दर सांगण्याआधी विचारायचं, हे आले तर कोण येणार नाही?’’ त्या न आलेल्या प्रवाशाबद्दल ते इतक्या हळव्या सुरात बोलले, की क्षणभर मला तो जिन्यावर बॅग घेऊन उभा असलेला दिसला.

हा विचार त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की हॉटेलबाहेरही सुटायचा नाही. मिसळ खायला गेलो तर शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचे. आपण बसलो म्हणजे दारात कोणीतरी ताटकळतंय. कॉलेजची मुलं एका चहावर चार खुर्च्या अडवून बसलेली दिसली, की चहावाल्यापेक्षा यांचाच जीव कासावीस. दुसरं दुखणं म्हणजे ग्रुपने सांगितलेला आकडा. त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘‘लग्नात खोल्यांचा आकडा मुलीचा मामा सांगतो आणि मामा नेहमी छाती फुगवून सांगतो. तीस म्हणाला की चोवीस धरायच्या. उरलेल्या सहा आपण प्रवाशांना विकायच्या.’’ आणि खरोखर दर वेळी चोवीसच भरायच्या. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा हॉटेलवर आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘आमच्या लग्नातही यांनी पंगतीतली पानं कमी धरायला लावली होती. लोक आले सगळे. शेवटच्या पंगतीला जिलबी उरली नाही, आणि शेवटच्या पंगतीला कोण बसतं, तर नवरा-नवरी.’’ साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘तो अपवाद होता.’’

मग माझं लग्न ठरलं. मुलगा खडकीचा, म्हणून लग्न पुण्यात. मला न सांगता बाबांनी थेट हॉटेलवर फोन लावला आणि तो नेमका साहेबांनी उचलला. मी समोरच बसले होते. पलीकडचा आवाज ओळखून मी हातातलं पेन खाली ठेवलं.

‘‘किती खोल्या?’’

‘‘तीस लागतीन जी.’’

‘‘बरं. त्यात कोण येणार नाही?’’

पलीकडून बाबांचा आवाज चढला. ‘‘येनार नाही म्हंजे? एकुलती पोरगी हाय माही! सारेच येऊन राहिले नं!’’

साहेबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, ‘‘तुमचे वडील भावनाप्रधान आहेत.’’ त्या रात्री बाबा मला फोनवर म्हणाले, ‘‘तुहा साहेब मानूस हाय का कुलूप?’’

लग्न शनिवारी होतं, वऱ्हाड शुक्रवारी यायचं होतं. नेमक्या त्याच शुक्रवारसाठी एका कंपनीने सगळं हॉटेल मागितलं, तेही आमच्या वऱ्हाडाला परवडणार नाही अशा दराने. मालक खूश. मी मनातल्या मनात दुसऱ्या धर्मशाळा शोधायला लागले. साहेबांकडे तोंड वेंगाडायची माझी हिंमत नव्हती. पण साहेब मालकांच्या खोलीत गेले आणि दार उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ‘‘कंपनी शुक्रवारी झोपेल आणि शनिवारी सकाळी जाईल. जेवण त्यांचं बाहेर. मग लग्नसराईतला शनिवार तुम्ही कोणाला विकणार? तोवर सगळी लग्नं दुसरीकडे गेलेली असतील. हे वऱ्हाड दोन्ही रात्री राहतं, हॉल घेतं, आणि विदर्भातलं आहे, जेवतं. दर कमी दिसतो, पण ग्रुप हाच परवडतो.’’ मालकांनी मान डोलावली. ते बाहेर आल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, ‘‘उपकार वगैरे नाहीत. बेरीज आहे.’’

आणि सवयीप्रमाणे त्यांनी तीसच्या चोवीस धरल्या, उरलेल्या सहा विमानतळाच्या प्रवाशांना विकल्या.

शुक्रवारी सकाळी आमचं वऱ्हाड स्टेशनवरून हॉटेलवर आलं. बाबा खरं बोलले होते. सारेच आले होते. एवढंच नाही, ‘पुण्याचं लग्न पाहू’ म्हणून न बोलावलेलेही थोडे आले होते. चोवीस खोल्या भरल्या आणि लॉबीत आत्या, तिची जाऊबाई आणि आणखी पाच घरं गाठोड्यांवर बसून राहिली. दुपारी सासरची मंडळी भेटायला येणार होती. नवरीची आत्या जमिनीवर बसलेली त्यांना दिसली असती, तर बाबांनी त्या जागी जीव दिला असता. मालक कुजबुजले, ‘‘ते विमानतळवाले प्रवासी रद्द करून टाका.’’

‘‘त्यांना शब्द दिलाय,’’ साहेब म्हणाले. मग ते बाबांसमोर जाऊन उभे राहिले. लॉबीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘आकडा माझा चुकला. तुमचा बरोबर होता. ही मंडळी आता माझ्या घरचे पाहुणे.’’ आणि घरी फोन लावला.

‘‘अगं, जेवायला थोडी माणसं आणू का? आणि राहायला?’’

काकूंनी किती म्हणून विचारलं असावं. साहेबांनी गाठोड्यांकडे पाहिलं. ‘‘नक्की सांगता येत नाही,’’ म्हणाले.

आत्या जागेवरून उठली. ‘‘या साहेबाचं तोंड काऊन उतरलं बापा? घ्या, लाडू खा आधी.’’ आणि आयुष्यभर इतरांच्या आकड्यांना कात्री लावणारे साहेब भर लॉबीत लाडू खात उभे राहिले. मग रिक्षांची रांग लागली आणि आमचं अर्धं गाव सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर गेलं. शेजाऱ्यांनी गाद्या दिल्या. काकूंच्या ओट्यावर आत्याने ताबा मिळवला आणि त्याच संध्याकाळी त्या जिन्यात सावजीच्या मसाल्याचा असा वास सुटला, की तळमजल्यावरचे शुद्ध शाकाहारी आजोबा ‘‘काय शिजतंय, सहज विचारतो’’ म्हणत वर आले. साहेब दोन्ही रात्री हॉटेलच्या ऑफिसात खुर्चीवर झोपले. माझ्या लग्नात त्यांनी सफारी घातला होता, चुरगळलेला. बाबांनी त्यांना पहिल्या पंगतीला, स्वतःच्या शेजारी बसवलं आणि पानात जिलब्या वाढायला स्वतः उठले.

साहेब आता निवृत्त आहेत. दर कॉम्प्युटर ठरवतो, तरी ग्रुप आला की शेवटचा शब्द माझा असतो, कारण तो माझ्यावर सोपवावा म्हणून साहेबांनी जाताना मालकांकडे हट्ट धरला होता. मला ते क्वचित भेटतात. आत्याला मात्र नेहमी भेटतात. त्या दोन दिवसांत जुळलेलं नातं त्यांच्या आणि आमच्या घराने असं धरून ठेवलंय, की दर हिवाळ्यात साहेब आणि काकू वर्ध्याच्या गाडीत बसतात आणि आमच्या शेतावर राहायला जातात. नेमकी तेव्हा इथे लग्नसराई असते आणि मला रजा घेववत नाही.

परवा त्यांचा फोन आला. मागे शेकोटीचा चटचट आवाज येत होता, काकू आणि आत्या कशावरून तरी हसत होत्या. बाबांना आता फारसं ऐकू येत नाही, म्हणून साहेबच त्यांना मोठ्याने माझी खुशाली सांगत होते. मी म्हटलं, ‘‘सर, हुरडा माझ्यासाठी थोडा ठेवा.’’

‘‘हुरडा ठेवता येत नाही, वर्धेकर,’’ ते म्हणाले. ‘‘तो इथेच बसून खायचा असतो. या.’’