बाबांचं म्हणणं

मी पत्रकारितेत एम.ए. करत असताना सरांनी विभागाच्या सरावाच्या अंकासाठी आपापल्या वस्तीतली बातमी आणायला सांगितली. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत पंधरा दिवस नळाला गढूळ पाणी येत होतं, पोरांना जुलाब होत होते. मी फुशारकीने हात वर केला. पाणीपुरवठा कोण बघतं, सरांनी विचारलं. मी म्हटलं, माझे बाबा.

वर्ग हसला. घरच्या माणसाची बातमी आपण करायची नसते, असं सांगून सरांनी ती नेहरू नगरातल्या एका हिंदी भाषक मैत्रिणीला दिली. मी आतून धुमसत होते.

शनिवारी ती आमच्या क्वार्टरवर आली. आईने पोहे केले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि घरात मराठीशिवाय न बोलणारे ते ऑफिसच्या हिंदीत सुरू झाले.

"अंकल, टंकी की सफाई कब हुई?" तिने विचारलं.

"पिछले महीने. रजिस्टर में एंट्री है."

दोनच दिवसांपूर्वी जेवताना ते आईला सांगत होते की साफसफाईला माणसंच मिळाली नाहीत, नोंद मात्र साहेबांनी करायला लावली. बाबांचं प्रमोशन त्याच साहेबांच्या हातात होतं. मैत्रीण मान खाली घालून लिहीत होती. बाबा माझ्याकडे बघेनात.

"पोहे ठंडे हो रहे हैं," मी तिला म्हटलं. तेवढंच.

अंक निघाला. टाकी साफ असल्याचं बाबांच्या हुद्द्यासकट छापून आलं. वसाहतीत तो हातोहात फिरला.

संध्याकाळी शेजारच्या काकू अंक घेऊन दारात आल्या. त्यांची धाकटी नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती.

"बेटा, तुम तो यही पढ़ती हो. अब पानी उबालना बंद कर दूँ ना?"

मला उत्तर माहीत होतं. बाबा मागे खुर्चीत बसले होते, त्यांचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता. तोंड उघडलं तर बाबा खोटे ठरणार, नाही उघडलं तर ती पोर पुन्हा आजारी पडणार. मी काकूंच्या हातातल्या अंकाकडे बघत राहिले. त्या थांबल्या होत्या.

खुर्ची सरकली. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"उबालकर ही पिलाइए, भाभीजी. टंकी साफ नहीं हुई है. मैंने झूठ बोला था."

पत्रकारिता शिकत होते मी, आणि मी गप्प होते. त्याची लाज मला अजून वाटते.