टाकीच्या झाकणावरचं कुंकू

खोलीवरच्या मंडळींना रामराम. तात्यांचा खोकला बसला का? गणूचं बोट भरलं, की गिरणीत तसाच साच्यावर जातो? बाळूला मुंबईचं पाणी मानवलं का?

इथं मात्र आज वाईट झालं. सकाळी शेजारच्या यशोदेला कळा लागल्या, मूल आडवं आलेलं. तिला नि तिच्या सासूला मोटारीत घालून कापड्याहून महाडच्या दवाखान्याकडे निघालो.

पोलादपूर सोडलं आणि मोटार आचके देत बंद पडली. टाकीचं झाकण काढून काडी घातली, पेट्रोल होतं. नळी फुंकली, झाकण लावलं, मोटार चालू झाली. मला वाटलं, कचरा निघाला. मैलभर जाऊन पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा झाकण निरखलं. हवा आत जायला त्याला बारीक भोक असतं, त्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही. ते वाळल्या कुंकवानं बुजलेलं; झाकण काढलं की हवा शिरायची, म्हणून मोटार तेवढ्यापुरती चालायची. सासूनं बांगडीतली पिन दिली, भोक कोरलं, मग मोटार थांबली नाही.

यशोदा वाचली. बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

ते कुंकू यशोदेचंच. दसऱ्याला ती मोटार पुजत होती तेव्हा मी म्हटलं होतं, "पुढं दिव्याला लाव गो." तर म्हणाली, "मामा, ही पिते जिथून, तिथंच लावनार. तोंड तेच नाय का तिचं?"

संध्याकाळी खाटेवरून तिनं विचारलं, "मामा, गाडीला काय झालं हुतं?"

मी म्हटलं, "पेट्रोलात कचरा."

सासू तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "कचराच हुता गो."

बरी झाली की ती पुन्हा विचारेल. खरं सांगावं का तिला? तुम्ही काय केलं असतं, ते उलट टपाली लिहा.