मोडला तर बदलून देऊ

आमच्या कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेला मी एकटाच उरलोय. पाने, पकडी, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर बनवणारी कंपनी. इतिहास दीड पानात संपला. उरले ते सगळे किस्से, आणि नेमके तेच छापायचे नाहीत असं वरून सांगण्यात आलं. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

कंपनी सुरू झाली ती अपमानातून. आमचे संस्थापक अण्णा तरुणपणी कसबा पेठेत राहायचे. सायकलचा नट ढिला झाला म्हणून त्यांनी शेजाऱ्यांकडे पाना मागितला.

शेजारी म्हणाले, "आम्ही हत्यारं उसनी देत नाही. कुणी मागितलेलीही आवडत नाहीत."

अण्णा सायकल ढकलत घरी आले आणि महिन्याभरात पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा पाना घडवला. पुढे कारखाना भोसरीला गेला, तेव्हा दारावर पहिली पाटी लागली: "येथे हत्यारे उसनी मिळणार नाहीत." ती अजून आहे. त्यामुळे आम्ही हत्यारं बनवणारी माणसं घरचा नळ गळायला लागला की प्लंबरला फोन करतो.

*

अण्णांचा एकच नियम. आपला पाना मोडला तर नवा द्यायचा, कितीही वर्षांनी आला तरी. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचं नाही. अट एवढीच, की कसा मोडला ते अण्णांसमोर उभं राहून सांगायचं. शनिवार पेठेतल्या ऑफिसात हा कार्यक्रम रोज चालायचा.

एक गृहस्थ म्हणाले, "खिळा ठोकत होतो."

"पान्याने?"

"हातोडी सापडेना हो."

अण्णांनी नवा पाना त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. आणि हातोडी सापडली की तिने नट पिळून बघा. ती मोडली तर तीही बदलून देऊ."

*

मग अण्णांचे नातू मिहीरसाहेब कारभार बघायला लागले आणि त्यांनी एक कन्सल्टंट आणला. त्याने पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले आणि शेवटी म्हणाला, "सर, या गॅरंटीला काहीतरी लिमिट हवी. दोन वर्षं पुष्कळ झाली."

अण्णा तेव्हा नव्वदीला टेकले होते. ते म्हणाले, "तुमच्या या सल्ल्याची गॅरंटी किती वर्षांची आहे?"

कन्सल्टंटने चहा तेवढा घेतला.

त्याच वर्षी अण्णा गेले. नियम कुणी मोडला नाही, पण मिहीरसाहेब तो काढायला टपले होते. मला फार वाईट वाटायचं.

*

मिहीरसाहेबांना 'लेगसी'चं वेड. अण्णांनी घडवलेला तो पहिला पाना त्यांनी ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवला, आत लाइट सोडला आणि खाली पितळी पाटी लावली: "आमचा पहिला पाना. आजही तितकाच मजबूत."

झाडलोट करणाऱ्या मावशींनी पेटी पुसता पुसता विचारलं, "साहेब, एवढा धडधाकट हाय तर कामाला का नाय लावत?"

*

आता शेवटचा. मुंबईची एक मोठी पार्टी करार करायला यायची होती. हा करार हुकला असता तर भोसरीतली दुसरी पाळी बंद झाली असती. सगळं ऑफिस सकाळपासून टेन्शनमध्ये.

आणि जगतापमामा आले. मंडईमागे त्यांचं गॅरेज आहे, रसवंतीची जुनी इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी पिशवीतून पान्याचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. जुन्या इंची मापाचा पाना. ते माप आम्ही कधीच बंद केलंय.

मिहीरसाहेब म्हणाले, "मामा, दुसरं काहीही घ्या. अख्खा सेट घ्या."

"सेट घेऊन काय करू? माझा नट या मापाचा आहे." मामा खुर्चीत बसले. "थांबतो मी. अण्णा ताटकळत ठेवायचे, पण परत पाठवायचे नाहीत." मग त्यांची नजर पेटीकडे गेली. "तो काय, त्याच मापाचा आहे की."

खालून फोन आला, पार्टी गेटवर पोचली होती. मिहीरसाहेबांनी पेटीकडे पाहिलं, अण्णांच्या फोटोकडे पाहिलं.

"काढा तो," ते मला म्हणाले.

पेटी स्क्रूने बंद केलेली. आणि आमच्या ऑफिसात स्क्रू ड्रायव्हर मिळेना! मामांनी खिशातून स्वतःचा काढला.

"तुमच्याच कंपनीचा आहे. उसना देतोय, आठवणीने परत करा."

पाना बाहेर निघाला. मिहीरसाहेबांनी तो मामांच्या पुढे धरला, आणि मग अण्णांची अट आठवून हात मागे घेतला.

"कसा मोडला?"

"वापरून," मामा म्हणाले, आणि पाना पिशवीत टाकून जिना उतरले.

मिहीरसाहेबांनी ते दोन तुकडे रिकाम्या पेटीत ठेवले. तेवढ्यात पार्टी आत आली. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ थेट पेटीपाशीच थांबले. त्यांनी पाटी वाचली, तुकडे पाहिले, पाटी पुन्हा वाचली.

"हा कसा मोडला?"

"वापरून," मिहीरसाहेब म्हणाले.

"आणि मग बदलून वगैरे दिलात?"

"हो. आत्ता जिन्यात तुम्हाला भेटले असतील."