धुतलेल्या काचा

रामदासपेठेतल्या माझ्या स्टुडिओत सुरुवातीची कितीतरी वर्षं मी काचेच्या प्लेटवर, म्हणजे काचेच्याच निगेटिव्हवर, फोटो काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती देताना न चुकता एक वाक्य ऐकवायचो, "प्लेट आमच्याजवळ जपून राहते. केव्हाही या, कॉपी काढून देतो." हे सांगताना माझी छाती उगीचच फुगायची.

सत्तरच्या सुमारास रोलचा कॅमेरा घेतला. हलका, चटपटीत, एका रोलवर बारा फोटो. मग काचांच्या पेट्या मला अडगळ वाटू लागल्या. आमच्या धंद्यात तेव्हा बरेच जण करायचे तेच मीही केलं. सोड्याच्या गरम पाण्यात प्लेटा बुडवल्या. वरचा फोटोचा थर सुटून आला, खालून स्वच्छ काच निघाली. ती फोटोंच्या फ्रेमींना लावली. लोकांचे चेहरे मोरीत वाहून जात होते आणि मी स्वतःच्या काटकसरीवर खूश होतो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

एका उन्हाळ्यात पारशिवनीकडचे एक शेतकरी आले. रुमालात गुंडाळून त्यांनी माझीच जुनी पावती आणली होती. लग्नानंतर नवराबायकोनं माझ्याकडे फोटो काढला होता, तो घरच्या भिंतीवर वाळवीनं खाल्ला. बायको दिवाळीत वारली होती.

"तिचा दुसरा फोटोच नाही जी," ते म्हणाले. "तुमी म्हणलं होतं, केव्हाही या."

प्लेट नाही हे मला ठाऊक होतं. तरी आत जाऊन मी रिकाम्या पेट्यांची झाकणं उघडत बसलो. बाहेर यायची हिंमत होईना. प्लेट फुटली असं सांगावं, हेही मनात आलं. शेवटी बाहेर येऊन खरं ते सांगितलं.

"धुतली?" त्यांनी विचारलं. "काहून जी?"

मी भिंतीवरच्या फ्रेमींच्या काचांकडे बोट दाखवलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ते एकेक फ्रेम पाहत गेले. मग म्हणाले, "आता आलोच तं माहा एक फोटो काढून द्या."

सवयीनं मी खुर्ची पुढे ओढली. नवरा खुर्चीत आणि बायको बाजूला उभी, अशी आमची ठरलेली पद्धत. तेव्हाही मीच त्यांना तसं बसवलं असणार. पण आता ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बाजूला उभे राहिले.

"बसा ना भाऊ," मी म्हणालो.

"तवा तिले उभं ठेवलं होतं तुमी. पाय दुखून राहिले म्हणाली, तं मी हासलो. आता तिले बसू द्या."

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळे भरून आले, नीट दिसेना. ते पुसले आणि फोकस खुर्चीवर धरला.